ट्रेनरला दुखणं-खुपणं सांगायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिममध्ये पीटी (पर्सनल ट्रेनर) लावणारे, घरी ट्रेनर बोलावणारे आणि मोबाइलसमोर मॅट टाकून व्यायाम करणारे, या सगळ्यांकडून हे प्रश्न सतत येत असतात. उत्तरं देणारा ट्रेनर आहे, डॉक्टर नाही. जिथे काम डॉक्टरचं आहे तिथे तसं लिहिलंय. प्रश्न क्रमाने वाचायची गरज नाही. तेच तेच पुन्हा नको म्हणून मध्येमध्ये दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. पहिल्या दिवशी ट्रेनरला नेमकं काय काय सांगायचं?

हृदयाचा त्रास, बीपी, शुगर, दमा, फिट येणं, चक्कर येऊन पडणं हे सगळ्यात आधी. मग हाडासांध्यांचं: जुनं फ्रॅक्चर, आत बसवलेली प्लेट किंवा रॉड, एकदा निखळलेला खांदा, मणक्याचा त्रास. मग पोटाचं: हर्निया, मूळव्याध, सिझेरियन, कुठलंही ऑपरेशन, ते पंधरा वर्षांपूर्वीचं का असेना. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर तेही.

दोन गोष्टी लोक हमखास गाळतात. एक, शेवटचा नियमित व्यायाम कधी केला होता. ‘कॉलेजात कबड्डी खेळायचो’ हे उत्तर चाळिशीत काही कामाचं नाही. दुसरी, दिवस कसा जातो. रात्रपाळी, खड्ड्यांतून दुचाकीवरचा रोजचा तासभर प्रवास, दिवसभर कडेवर असलेलं मूल, हे सगळं ट्रेनरला माहीत हवं, कारण संध्याकाळी तुम्ही त्याच्यासमोर येता तेव्हा पाठ आधीच दमलेली असते.

पार-क्यू प्लस नावाची प्रश्नावली बऱ्याच ठिकाणी वापरतात. तिच्या पहिल्या पानावर सात प्रश्न असतात. सातही उत्तरं ‘नाही’ आली तर हळूहळू सुरुवात करायला हरकत नाही. एक जरी ‘हो’ आलं तर पुढची विचारपूस आणि गरज पडली तर डॉक्टर. तुमच्या ट्रेनरने काहीच न विचारता थेट ट्रेडमिलवर चढवलं असेल, तर तुम्हीच हे सगळं एका व्हॉट्सॲप मेसेजमध्ये लिहून पाठवा.

२. जॉइन होताना फॉर्म भरला होता की. परत तोंडी कशाला?

कारण तो फॉर्म बहुतेक वेळा रिसेप्शनच्या फाइलमध्ये असतो आणि ट्रेनर फ्लोअरवर. पॅकेज विकणारा वेगळा, व्यायाम घेणारा वेगळा. त्यातून तुमचे नेहमीचे सर सुट्टीवर गेले की त्या दिवशी जो मोकळा असेल तो तुम्हाला घेतो, आणि त्याला तुमच्या खांद्याची काहीच कल्पना नसते. बदली ट्रेनर आला की पहिलं वाक्य तुमचं: ‘सर, माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळला होता, डोक्यावर वजन नेत नाही.’ पाच सेकंद लागतात.

३. सगळं खरं सांगितलं तर ट्रेनर मला घेणारच नाही, किंवा नुसता चालायला लावेल. मग?

असे ट्रेनर असतात, खोटं कशाला बोलू. पण जो तुमचं ऐकून घाबरला, त्याला तुमच्यासारख्या माणसाचा व्यायाम कसा घ्यायचा हे माहीत नाही. ते पैसे भरण्याआधी कळलेलं बरं. जाणकार ट्रेनर अशा वेळी उलट प्रश्न विचारतो: कधीपासून, कुठली गोळी, शेवटचा रिपोर्ट काय, काय केलं की वाढतं. वय ऐकून हात आखडणाऱ्यांबद्दल प्रश्न १७ मध्ये लिहिलंय.

४. बीपीची गोळी चालू आहे, पण बीपी आता नॉर्मल आहे. तरी सांगायचं?

हो, आणि गोळीच्या नावासकट. मेटोप्रोलोल, अटेनोलोल यांसारख्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. ट्रेनर ‘२२० वजा वय’ या हिशोबाने तुमचं टार्गेट काढत असेल आणि घड्याळात आकडा वाढत नाही म्हणून वेग वाढवत बसला, तर तुम्ही केव्हाच तुमच्या मर्यादेपलीकडे गेलेले असता. तो हिशोब तसाही सरासरीचा, दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो. अशा वेळी प्रश्न ८ मधली बोलण्याची चाचणी जास्त भरवशाची. बीपीच्या काही गोळ्यांनी जमिनीवरून झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून एका मिनिटात झोपा-उठा करायला लावणारे बर्पीसारखे प्रकार तुमच्यासाठी नाहीत, हे आधीच सांगून टाका.

जोर लावताना श्वास कोंडला की बीपी क्षणात भरपूर वर जातं. ‘सर, मी श्वास रोखतोय का ते बघा’ असं ट्रेनरला सांगून ठेवा. स्वतःला ते कळत नाही. घरी मोजलेलं बीपी १८०/११० च्या आसपास असेल तर त्या दिवशी जिमचा विचारही नको, डॉक्टरला फोन करा.

५. मला डायबेटिस आहे. ट्रेनरला किती तपशील द्यायचा?

इन्सुलिन घेता का, आणि ग्लिमेपिराइडसारखी शुगर जोरात खाली आणणारी गोळी आहे का, हे दोन मुद्दे महत्त्वाचे. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर व्यायामात शुगर एकदम कोसळण्याची भीती बरीच कमी. इन्सुलिन किंवा तसली गोळी असेल तर व्यायामाआधी मोजा. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. २५० च्या वर असेल आणि बरं वाटत नसेल, मळमळत असेल किंवा लघवीत कीटोन असतील तर व्यायाम रद्द. ७० च्या खाली गेली की ती ‘लो शुगर’, मग सेट पूर्ण करायचा प्रश्नच येत नाही.

ट्रेनरला लक्षणंही सांगा, कारण त्या क्षणी तुम्ही नीट बोलू शकालच असं नाही: हात थरथरणं, थंड घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणं. बॅगेच्या कुठल्या कप्प्यात ग्लुकोज आहे तेही दाखवून ठेवा. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, हेही सांगून ठेवा. घाईत लोक नेमकं तेच करतात. प्रश्न ४ मधल्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

६. ‘दुखतंय’ म्हटलं की सर म्हणतात, ‘दुखणारच, त्यासाठीच तर आलात.’ खरं दुखणं ओळखायचं कसं?

सर अर्धे बरोबर आहेत. स्नायूंत भरून येणारी जळजळ, दोन्ही बाजूंना सारखी, सेट थांबला की मिनिटभरात ओसरणारी: ही कष्टाची. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात तेही कष्टाचंच. ते साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आठवड्याच्या आत जातं.

थांबायला लावणारं दुखणं निराळं असतं. ते सांध्यात असतं, एकाच बाजूला असतं, बोट ठेवून दाखवता येतं. टोचतं, चमकतं, करंट लागल्यासारखं हाताकडे किंवा पायाकडे उतरतं, मुंग्या आणतं. दर सेटला वाढत जातं. रात्री झोपमोड करतं. यातलं एक जरी लक्षण असलं तरी तो व्यायाम त्या दिवशी बंद.

तिसरा प्रकार कमी लोकांना माहीत असतो. मोठ्या खंडानंतर पहिल्याच दिवशी कोणीतरी शेकड्याने बैठका मारायला लावतं. दोन दिवसांनी मांड्या टम्म सुजतात, पाय उचलवत नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरलेले असतात आणि त्याने किडनी निकामी होऊ शकते. यावर शेक, मालिश, ‘उद्या परत ये, मोकळं होईल’ असला उपाय नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल.

७. मग सांगताना काय शब्द वापरायचे? मला ते नीट मांडता येत नाही.

चार गोष्टी सांगा: कुठे, केव्हा, कसं, किती.

‘सर, डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला, खाली बसताना टोचतंय. वर येताना नाही. दहापैकी चार. मागच्या गुरुवारपासून.’

एवढ्या बोलण्यावर ट्रेनर लगेच काहीतरी करू शकतो. खोली कमी करेल, पायांतलं अंतर बदलेल, बॉक्सवर बसायला लावेल, नाहीतर व्यायामच बदलेल. ‘गुडघा जरा त्रास देतोय’ एवढ्यावर तो फक्त ‘वॉर्मअप नीट करा’ म्हणू शकतो. आपल्याकडे दुखणं सांगताना एक तर ‘काही नाही हो, थोडंसं’ असतं, नाहीतर थेट ‘मेलो’. ट्रेनरला दोन्हींचा उपयोग नाही.

कधी सांगायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. सेशन संपल्यावर बूट काढताना सांगितलेलं दुखणं त्या दिवसासाठी वाया गेलं. पहिल्या रेपला (सेटमधल्या एका आवर्तनाला) टोचलं तर दुसऱ्या रेपच्या आधी बोला.

८. ट्रेनर विचारतात ‘दहापैकी किती?’ आणि मी काहीही आकडा ठोकून देते. यात काही अर्थ आहे का?

अर्थ आहे. श्रमाला आकडा देण्याची ही पद्धत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी रूढ केली. त्यांचं मूळ मापक ६ ते २० असं विचित्र होतं. त्याला दहाने गुणलं की तरुण निरोगी माणसाचे ठोके साधारण कळावेत म्हणून. जिममध्ये आता ० ते १० चालतं.

वजनं उचलताना आकडा असा काढा: ‘आत्ता थांबले नसते तर अजून नीट किती निघाले असते?’ तीन निघाले असते तर सात. एक निघाला असता तर नऊ. चालताना-धावताना बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर मध्यम, तीन-चार शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर जोराचं. ट्रेनरला बरं वाटावं म्हणून ‘सहा’ म्हणू नका, तो लगेच वजन वाढवतो. आकडा दुखण्याचा आहे की श्रमाचा, तेही दर वेळी स्पष्ट करा. या घोळात ‘आठ’चा अर्थ भलताच निघतो.

९. सेट मध्येच सोडायची लाज वाटते. आजूबाजूचे बघतात.

ते आरशात स्वतःला बघत असतात.

तरीही लाज खरी असते, म्हणून आधीच ठरवून घ्या. ‘मी “बस” म्हटलं की मोजणं बंद आणि वजन खाली. “नाही होत” हे मी नुसतं कुरकुरतोय, ते मनावर घेऊ नका.’ हा फरक ट्रेनरला सांगितलाच पाहिजे, कारण व्यायाम करताना सगळेच ‘नाही होत’ म्हणतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं होतं. बेंच प्रेसला (बाकावर आडवं पडून छातीवरून बार वर ढकलणं) तर शब्द ठरलेला असायलाच हवा. ‘घ्या’ म्हटलं की बार दोन्ही हातांनी धरून रॅकवर. बार छातीवर अडकलेला असताना डोक्यामागे उभं राहून ‘अपना है, अपना है’ असा गजर करणारा स्पॉटर (बार सांभाळायला उभा राहणारा) कामाचा नाही. स्क्वॉट रॅकच्या आडव्या सेफ्टी पिन तुमच्या उंचीला लावून द्यायला सांगा. कित्येक जिममध्ये त्या कोपऱ्यात धूळ खात असतात.

‘नो पेन नो गेन’ भिंतीवर असतं, ते भिंतीवरच राहू द्यावं.

१०. कोणती लक्षणं दिसली तर ट्रेनरला विचारतही बसायचं नाही?

छातीत दाब किंवा आवळल्यासारखं होणं, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणारी कळ, थंड घाम, विश्रांती घेऊनही न बसणारा दम, बेशुद्धी, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं. कडक उन्हात व्यायाम करताना अंग तापलेलं आणि माणूस बरळायला लागला तर तोही यातच आला. १०८ ला फोन. छातीतल्या कळेला ‘गॅस असेल’ म्हणत सोडा पीत बसण्यात महत्त्वाचा वेळ जातो. बायकांना आणि मधुमेह्यांना छातीत न दुखता नुसता थकवा, मळमळ, दम असंही होऊ शकतं.

जिम ठरवतानाच ट्रेनरला विचारा, ‘सीपीआर येतो का? एईडी आहे का?’ सीपीआर म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, एईडी म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र. छातीच्या मधोमध, पाच सेंटिमीटरच्या आसपास खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब हे फ्लोअरवरच्या प्रत्येक ट्रेनरला झोपेतून उठवलं तरी यायला हवं. आवडता प्रोटीन ब्रँड विचारण्यापेक्षा हा प्रश्न बरा.

११. गुडघ्यातून कटकट आवाज येतो. सांगू का?

सांगा, पण घाबरू नका. दुखत नसेल, सूज नसेल तर नुसत्या आवाजाने काही बिघडत नाही. आवाजासोबत दुखलं, सुजलं, गुडघा अडकला किंवा चालता चालता सटकला, तर हाडांच्या डॉक्टरकडे.

१२. एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हला (कमरेच्या मणक्यांत) डिस्क, म्हणजे मधली गादी, सरकलेली आहे. डॉक्टर म्हणतात ‘वाकायचं नाही’, ट्रेनर म्हणतो ‘डेडलिफ्टनेच पाठ सुधारेल’. कोणाचं ऐकू?

आत्ता कळ पायात उतरत असेल तर डॉक्टरचं, वाद न घालता. शमली असेल तर दोघांनाही नीट प्रश्न विचारले गेलेले नाहीत, असं समजा.

ओपीडीत ‘डॉक्टर, जिम चालेल का?’ विचारलं की ‘हलकं करा’ हेच उत्तर येणार. बाहेर पंचवीस पेशंट बसलेले असतात. त्याऐवजी कागदावर चार प्रश्न लिहून न्या. कोणती हालचाल किती आठवडे बंद? वजन उचलायला कधीपासून आणि किती? कोणतं लक्षण दिसलं की थांबायचं? फिजिओकडे आधी जाऊ का? उत्तरं चिठ्ठीवर लिहून मागा आणि चिठ्ठीचा फोटो ट्रेनरला पाठवा. फिजिओ असेल तर त्याचा आणि ट्रेनरचा एकदा फोन जोडून द्या. दहा मिनिटांच्या त्या बोलण्यात दोन महिन्यांचा गोंधळ वाचतो.

ट्रेनरच्या बाजूनेही थोडं. कमरेतून वाकून वस्तू उचलणं आयुष्यभर टाळता येत नाही. गॅस सिलिंडर आहे, बादली आहे, नातवंड आहे. त्यामुळे पुढे कधीतरी हलक्या वजनाने, पाठ सरळ ठेवून, उंचावर ठेवलेल्या केटलबेलपासून ही हालचाल शिकणं फायद्याचंच. पण ती सुरुवात फिजिओच्या होकारानंतर, पहिल्या आठवड्यात साठ किलोने नव्हे. सकाळी उठल्याउठल्या डिस्क पाणी धरून फुगलेल्या असतात. पहाटे साडेपाचचा स्लॉट असेल तर वाकण्याचे व्यायाम शेवटी ठेवायला सांगा.

दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, लघवी अडली किंवा संडास-लघवीवरचा ताबा सुटला तर ती इमर्जन्सी आहे. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

१३. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाल्यावर ट्रेनर लावता येतो का?

येतो, पण कार्डिओलॉजिस्टच्या लेखी परवानगीनंतर आणि शक्यतो हॉस्पिटलच्या कार्डियाक रिहॅबमधून (हृदयाच्या पेशंटसाठी देखरेखीखालचा व्यायाम) गेल्यावर. बायपासमध्ये छातीचं हाड कापून तारेने जोडलेलं असतं. ते जुळायला साधारण दोन-तीन महिने जातात, तोवर पुशअप, चेस्ट प्रेस, लटकणं काहीच नाही. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात, साध्या आपटण्यानेही काळंनिळं पडतं, हे ट्रेनरला सांगा. बाकी प्रश्न ४ आणि १० पाहा.

१४. पाळी, गरोदरपण, बाळंतपण यांबद्दल पुरुष ट्रेनरशी बोलायला अवघड जातं.

पाळीचं कारण सांगायची सक्ती कोणाची नाही. ‘आज पोटाचे आणि उड्यांचे व्यायाम नको, वजन कमी ठेवा’ एवढं पुरतं, आणि ज्याला तेवढ्यावर थांबता येत नाही, ‘का? काय झालं?’ करत बसतो, त्याला तुम्ही उत्तर देणं लागत नाही. पाळीत व्यायाम करूच नये असंही काही नाही. जमत असेल तर नेहमीसारखा करा.

गरोदरपण मात्र लपवू नका, तिसऱ्या महिन्यापर्यंत घरात कोणाला सांगायचं नाही असं ठरलेलं असलं तरी. ट्रेनरला सांगून ‘हे तुमच्यापाशीच ठेवा’ म्हणता येतं. चौथ्या महिन्यानंतर पाठीवर फार वेळ आडवं पडून करायचे व्यायाम, पडण्याची भीती असलेले प्रकार आणि गरम खोलीतला व्यायाम वगळायचा असतो. माहीतच नसेल तर तो ते कसं वगळणार? रक्तस्राव, पाणी जाणं, चक्कर, पोटरी एका बाजूला सुजून दुखणं यातलं काही झालं तर व्यायाम थांबवून डॉक्टर.

बाळंतपणानंतर दोन गोष्टी बोलायला बायका फार लाजतात. उडी मारली की, शिंकलं की लघवीचा थेंब सुटतो. आणि पोटाच्या मधोमध उठताना फुगवटा दिसतो. दोन्ही सर्रास आढळतात, दोन्हींवर उपाय आहेत, आणि दोन्हींमध्ये दोरीच्या उड्या व क्रंचेस रेटून केले तर त्रास वाढू शकतो. ट्रेनरशी बोलवत नसेल तर ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला भेटा आणि तिने दिलेली यादीच ट्रेनरच्या हातात द्या.

१५. ट्रेनर फॉर्म (व्यायाम करायची ढब) सुधारताना अंगाला हात लावतात. ते मला नको आहे.

‘सर, हात न लावता सांगा, मी करते’ एवढंच. यात उद्धट काही नाही. जवळजवळ प्रत्येक हालचाल शब्दांनी, स्वतः करून दाखवून किंवा पाठीला काठी लावून शिकवता येते. स्पॉट देणं हा अपवाद, आणि तिथेही बार धरायचा असतो, माणूस नाही. हात लावायची खरंच गरज असेल तर आधी विचारायचं, कुठे आणि कशासाठी ते सांगायचं, ही आमच्या कामातली साधी शिस्त आहे.

सांगूनही थांबत नसेल तर मामला फॉर्मचा राहिला नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त नोकरी करणाऱ्या बाईपुरता नाही, तिथे आलेली ग्राहकही तक्रार करू शकते. जिममध्ये दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने.

१६. उपवास आहे, किंवा तापातून उठलोय. तेवढ्यासाठी ट्रेनरला काय सांगायचं?

निर्जळी चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस, रोजे यांपैकी काहीही असो, सेशनच्या आधी सांगा, चक्कर आल्यावर नाही. साबुदाणा खाऊन आलात आणि पाणी पीत असाल तर हलका व्यायाम होतो. निर्जळी असेल तर सुट्टी. इन्सुलिन किंवा प्रश्न ५ मधल्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाचं आधी डॉक्टरशी बोलावं.

ताप असताना व्यायाम नाही, ‘घामाने ताप उतरतो’ हे विसरा. काही व्हायरल आजारांत हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. डेंग्यूनंतर प्लेटलेट्स पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट आणि डॉक्टरचा होकार मिळेपर्यंत वजनांना हात लावू नका. परत आल्यावर आधीच्या निम्म्यापासून सुरू करायला सांगा. पॅकेजचे दिवस वाया जातात म्हणून येणारे सगळ्यात जास्त फसतात. आजारपणात पॅकेज फ्रीज होतं का, हे पैसे भरतानाच विचारून ठेवावं.

१७. मी ६६ वर्षांचा आहे. ट्रेनर म्हणतो, ‘काका, तुम्ही फक्त चाला.’ मला वजनं उचलायची आहेत.

काकांचं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासूनच्या मार्गदर्शनात ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगते. नुसत्या चालण्याने खुर्चीतून हात न टेकता उठण्याची ताकद टिकत नाही. ट्रेनरला सांगा: ‘मला खुर्चीतून उठणं, जिना आणि बाजाराची पिशवी यांसाठी ताकद हवी आहे. रिपोर्ट हे. सुरुवात हलकी करा, पण वाढवत न्या.’ हाडं ठिसूळ असल्याचं निदान असेल तर पाठ गोल करून वाकणं आणि पिळणं टाळायला सांगा. महिनाभर तोच गुलाबी डंबेल हातात दिसला तर ट्रेनर बदला.

१८. आजाराचं नाव न सांगता काम भागेल का? मला ते कोणाला कळायला नको आहे.

बहुतेक वेळा भागतं. नावाऐवजी परिणाम सांगा: ‘एका गोळीमुळे सकाळी सुस्ती असते, तोल जातो’, ‘जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही’. लिथियम (मानसिक आजारावरची एक गोळी) चालू असेल तर घामाने शरीरातलं पाणी कमी होऊन रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं. तेव्हा ‘मला दर दहा मिनिटांनी पाणी लागतं, उन्हात व्यायाम नको’ एवढं ट्रेनरला पुरतं, बाकीचं डॉक्टरशी बोला.

फिट येत असतील तर मात्र नाव सांगावंच लागेल. चालत्या ट्रेडमिलवर किंवा डोक्यावर बार असताना फिट आली तर काय, हे समोरच्याला माहीत नसणं परवडणारं नाही. रिपोर्ट ग्रुपवर टाकू नका, ट्रेनरच्या वैयक्तिक नंबरवरच पाठवा.

१९. ट्रेनरने प्रोटीन, फॅट बर्नर आणि एक ‘कोर्स’ सुचवलाय. घेऊ?

तिन्ही एका माळेचे मणी नाहीत. व्हे प्रोटीन हा आहार आहे. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, आणि डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक बघा. क्रिएटिन घेत असाल तर रक्ततपासणीआधी डॉक्टरला सांगा, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं. फॅट बर्नर आणि प्री-वर्कआउटमध्ये बहुधा भरपूर कॅफिन असतं, बीपी किंवा धडधड असेल तर नकोच. ‘कोर्स’ म्हणजे स्टेरॉइड. इंजेक्शन लिहून देणं ट्रेनरचं काम नाही. ‘मला यातलं काही नको आणि पुन्हा विचारू नका’ असं एकदाच स्पष्ट सांगा.

२०. माझा ट्रेनर पुण्यात, मी दुबईत. व्हिडिओवर त्याला माझी मर्यादा कशी कळणार?

फोन कमरेच्या उंचीवर ठेवा. स्क्वॉट आणि डेडलिफ्टला बाजूने, गुडघे आत जातात का बघायला समोरून. डोकं किंवा पावलं फ्रेमबाहेर असतील तर तो अंदाजाने शिकवतोय. समोर दिसत नसल्यामुळे प्रश्न ७ मधले चार मुद्दे इथे दुप्पट महत्त्वाचे. तुमचा पूर्ण पत्ता, तिथला इमर्जन्सी नंबर आणि घरातल्या किंवा शेजारच्या एकाचा फोन त्याच्याकडे लिहून द्या. तुम्ही पडलात तर भारतातून १०८ फिरवून काही होणार नाही. स्पॉटरशिवाय बारबेल बेंच प्रेस नको, डंबेल वापरा.

२१. सांगूनही जास्त वजन लावलं आणि दुखापत झाली. जिम म्हणते, तुम्ही ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही केली आहे.

त्या सहीने त्यांच्या निष्काळजीपणाला आपोआप माफी मिळत नाही. आधी उपचार, आणि डॉक्टरला ‘व्यायाम करताना, अमुक वजनाने’ असं केसपेपरवर लिहायला सांगा. मग कागद गोळा करा: पॅकेजची पावती, पहिल्या दिवशी पाठवलेला तो मेसेज, रिपोर्ट, बिलं. जिमला ईमेलने लेखी कळवा, सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायची मागणी त्यातच करा आणि हे त्याच आठवड्यात करा. जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी पुसलं जातं. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे.

ट्रेनर चांगला असेल आणि चूक मान्य करत असेल तर आधी मॅनेजरसमोर तिघांनी बसून बोला. उरलेल्या सेशनचे पैसे परत की दुसरा ट्रेनर, ते तिथेच ठरवून लिहून घ्या.